बीपच्या आधीची टक

४ जानेवारी

आत्या,

वाकून नमस्कार केला असं समज. सरळ मुद्द्यावर येते, कारण डोकं फिरलंय.

तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "हो हो, सगळं ठीक, लाइन खराब आहे" म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. आता कागदाची लाइन खराब आहे म्हणू नकोस.

आमच्या कंपनीत कान तपासायचं मशीन बनतंय. माणूस बंद केबिनमध्ये हेडफोन लावून बसतो, मशीन बारीक बारीक बीप वाजवतं, ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. शेवटी कोणत्या कानाला किती ऐकू येतं त्याचा आलेख कागदावर निघतो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पत्रे दाबणारा एक कारखाना. तिथे सहाशे माणसं दिवसभर प्रेसच्या धडधडीत उभी असतात, त्यांची दरवर्षी तपासणी करायचीय. आतला बोर्ड माझ्याकडे आहे. म्हणजे बोर्ड बरोबर आहे, अशी सहीही माझीच.

आता घोळ ऐक. आकड्यांचा आवाज करणारी जी चिप असते, डॅक, तिला आवाज बाहेर काढायला दोन पाय आहेत. एकावर व्होल्टेज वर जातो तेव्हा दुसऱ्यावर तेवढाच खाली. हेडफोनला मात्र एकच हवा. म्हणून मध्ये एक ॲम्प्लिफायर बसवायचा आणि त्याने एकातून दुसरा वजा करायचा. साहेब म्हणतात, कशाला नसती उठाठेव, एकाच पायावरून आवाज घे, दुसरा लोंबकळू दे. तसं करून बघितलं. आवाज येतो. पण प्रत्येक बीपच्या आधी चिप जागी होते आणि दोन्ही पायांवरचा व्होल्टेज एकदम उडी मारतो. वजाबाकी नाही, त्यामुळे ती उडी थेट कानात. आधी टक, मग बीप. साहेब म्हणतात, "टक ऐकून कोण मेलंय?"

असल्या बोर्डवर मी सही करणार नाही, असं तोंडावर सांगून आले. ते हसले. त्यांच्या हसण्याचाच जास्त राग आला.

तू अठ्ठावीस वर्षं साउंड मिक्सरच्या कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलावर काढलीस. सांग, वजाबाकीला कोणता ॲम्प्लिफायर घेऊ? माझ्यासमोर तीन आहेत. एक स्टोअरमध्ये ढिगाने पडलेला, जरा खरखरणारा. एक मधला, शांत. आणि एक सगळ्यात वेगवान, त्याचे आकडे वाचूनच तोंडाला पाणी सुटतं. भोवती दहा हजार ओहमचे रेझिस्टर लावणार आहे.

तुझी,
लवंगी


११ जानेवारी

लवंगे,

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या पत्रासाठी अडून बसलेले नसतात.

लाइन खराबच आहे. तो विषय संपला.

दोन पाय दिलेत तर दोन्ही टेकवावेत, हे कोंबडीलासुद्धा कळतं. तुझ्या साहेबाला सांग. दोन जावा एकाच भांडणाची हकिगत सांगतात तेव्हा कशी ऐकायची असते? दोघींचं ज्यावर एकमत, ते सोडून द्यायचं. जिथे एक वर म्हणते आणि दुसरी खाली, तिथे बातमी. तुझा ॲम्प्लिफायर हेच करणार. व्होल्टेजची उडी दोन्ही पायांवर सारखी, म्हणून ती जाईल. आवाज उलटसुलट, म्हणून तो राहील, आणि दुप्पट होऊन राहील.

वेगवानाच्या नादी लागू नकोस. तोंडाला पाणी सुटलं असेल तर पुसून टाक. मधला घे. कमी बोलणारा, लांब तार जोडली तरी न बिथरणारा. नवरा आणि ॲम्प्लिफायर दोन्ही निवडताना मी हेच बघितलं आणि एकदाच फसले. कुठे ते विचारायचं नाही.

आणि खरी मेख रेझिस्टरमध्ये आहे. ॲम्प्लिफायर कितीही गुणी असू दे, त्याच्याभोवतीचे चारही रेझिस्टर तंतोतंत सारखे नसले तर वजाबाकीत हातचा राहतोच. एका पाकिटातले रेझिस्टरसुद्धा सख्ख्या भावंडांसारखे असतात, नाव एक आणि तऱ्हा चार. ते मी जुळवून पाठवते. माझ्याकडे मीटर आहे, वेळ आहे आणि मध्ये लुडबुड करायला घरात कुणी नाही.

पत्रे दाबणारा कारखाना म्हणालीस ना? मग त्या टकेचं नीट बघ. दुर्लक्ष करू नकोस. बाकी काही नाही.

आत्या


२७ जानेवारी

आत्या,

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते. तुझं न ऐकता वेगवानच लावला. टेबलावर फार गुणी वागला. हेडफोनची लांब तार जोडली आणि तो आपला आपणच गायला लागला. कानाला काही कळत नव्हतं, इतका वरचा सूर. पडद्यावर मात्र रेघेच्या जागी जाड पट्टा, आणि चिपला हात लावला तर बोट पोळलं. साहेब मागे उभेच होते. म्हणाले, "व्वा, मैफल छान चाललीय."

मुकाट्याने मधला लावला. तो शांत आहे, तू म्हणालीस तसाच.

मग तुझं पाकीट आलं. चार-चारच्या पुड्या, प्रत्येक पुडीवर तुझ्या अक्षरात आकडे. सगळ्यांना दाखवले मी ते. म्हटलं, आमची आत्या आहे, तिने जुळवलंय म्हणजे शंकाच नको. बसवले, मशीन चालू केलं, हेडफोन साहेबांच्या डोक्यावर ठेवले.

टक होती. पूर्वीपेक्षा बरीच कमी, पण बारीक बीपच्या आधी स्पष्ट. साहेबांनी हेडफोन काढून शेजारच्याला दिले, त्याने त्याच्या शेजारच्याला. अख्खी खोली फिरून आले. मग ते म्हणाले, "आत्याबाईंचं गणित कच्चं दिसतंय."

माझ्याबद्दल काहीही बोलले असते तरी चाललं असतं. रागाने तुझे रेझिस्टर काढले आणि आमच्या मोठ्या मीटरवर एकेक लावला. एकाही पुडीतले चार सारखे नाहीत. शंभरात एकाचा फरक सर्रास. न जुळवता घेतले असते तरी एवढेच निघाले असते.

आत्या, तू खरंच मोजलेस का? मोजवत नसेल तर तसं सांगायचं होतंस. वीस फेब्रुवारीला सही मागितलीय माझ्याकडे. मी तुझ्या भरवशावर होते.

लवंगी


२ फेब्रुवारी

लवंगीबाई,

मोजलेस का म्हणून मला विचारतेस. चाळीस रेझिस्टर, प्रत्येक तीन वेळा, दोन दिवस. जेवायचं राहिलं एकदा.

माझी पद्धत तुला सांगायची गरज नाही, पण सांगते. खिडकीशी टेबल. मीटर अर्धा तास आधी चालू. रेझिस्टरची एक तार आणि मीटरची एक पिन डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात, दुसरी उजव्या हाताच्या. घट्ट धरायचं. हल्ली हात थोडा हलतो, म्हणून पूर्वीपेक्षाही घट्ट. आकडा थांबला की लिहायचा. अशीच हजारो मिक्सरची माझ्या हातून तपासणी झाली आणि एकही परत आला नाही. आमच्या फोरमनची माझ्या टेबलाजवळ आवाज चढवायची टाप नव्हती.

तुमचं मोठं मीटर आधी तपासून घे. मोठं असलं म्हणजे खरं असतं असं नाही, हे तुझ्या साहेबाकडे बघून तरी कळायला हवं होतं.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

रागावू नकोस, आणि मीटर जवळ घेऊन वाच.

दोन्ही हातांनी धरतेस ना? म्हणजे तू रेझिस्टरबरोबर स्वतःलाही मोजतेस. एका हातातून दुसऱ्या हातात, विजेला अंगातून वाट असते. मी करून बघितलं. दहा हजारांचा रेझिस्टर दोन्हीकडून चिमटीत धरला, आकडा लगेच खाली. हात ओले केले, आणखी खाली. तुझी प्रत्येक पुडी बरोबरच होती, फक्त त्यात तुझा त्या वेळचा हातही धरलेला होता, कधी कोरडा, कधी घामेजलेला.

तुमच्या मिक्सरमध्ये रेझिस्टर कितीचे असायचे ते बाबांना विचारलं. सहाशे ओहम म्हणाले. सहाशेला माणसाच्या अंगाने काडीचा फरक पडत नाही. म्हणून तुझा एकही मिक्सर परत आला नाही. तू चुकली नव्हतीस. आकडे बदलले, पद्धत तीच राहिली. "मोजलेस का" असं विचारायला नको होतं मी. चुकलं.

आता पुढचं. मला एक ॲम्प्लिफायर मिळाला, त्याच्या पोटातच चार रेझिस्टर आहेत, कारखान्यातच जुळवलेले. कुणी हात लावायचा प्रश्नच नाही. वेगवान नाही, दिसायला मठ्ठ. लावला. टक गेली. केबिनमध्ये बसून सगळ्यात बारीक पायरीपर्यंत ऐकलं, बीपच्या आधी काही नाही. मला रडूच आलं, सांगायला लाज कसली.

पण काल कारखान्याचा मॅनेजर आला. त्याने बारा कामगार आणले होते आणि त्यांचं जुनं मशीनही. जुन्यावर बाराही पास. माझ्यावर सात पास, पाच नापास. मॅनेजर साहेबांना म्हणाला, "आमच्या मशीनवर कुणी नापास होत नाही. तुमचं बिघडलंय." मी त्यांच्या मशीनचे हेडफोन लावून बघितले. आत्या, तिथेही टक आहे. तीच.

मॅनेजर गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, एका पायाचा बोर्ड परत लाव. म्हणजे आता प्रश्न उठाठेवीचा राहिलेला नाही. त्यांना टक हवीच आहे.

त्या पाचजणांत एक बाई होती. नापास म्हटल्यावर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तिच्या कानात बोळा घातला. मी सही करणार नाही, हे नक्की. पण त्या बाईचं काय करायचं ते कळत नाही.

लवंगी


१४ फेब्रुवारी

लवंगे,

बोटांचं मान्य. पत्र वाचून लगेच मीटर काढलं. धरला, आकडा पडला. सोडला, चढला. पाचदा केलं, मग हसत बसले. माझी चूक काढायची आमच्या कारखान्यात कुणाची छाती झाली नाही, आणि काढली ती मी जिची वेणी घालून दिली त्या पोरीने. काढलीस ते बरं केलंस.

आता मी सांगते ते नीट वाच, दुसऱ्यांदा सांगणार नाही.

आमच्या टेस्टिंगच्या टेबलाची भिंत आणि पेट्या ठोकायच्या शेडची भिंत एकच होती. पत्र्यावर हातोडे, दिवसभर. नोकरीच्या सतराव्या वर्षी माझा उजवा कान गेला. डावा हळूहळू जायला लागला. कंपनी दरवर्षी कान तपासायची. नापास झालं की टेस्टिंगवरून उठवून पॅकिंगला बसवायची. मला पॅकिंगला बसायचं नव्हतं. टेबल माझं होतं.

पहिल्याच वर्षी लक्षात आलं की बीप ऐकू येत नाही, पण त्याआधी काहीतरी टक होतं. ते जाड असतं, बहिऱ्यालाही लागतं. टक झाली की बटण. अकरा वर्षं मी पास झाले, लवंगे. आलेख असा की डॉक्टर म्हणायचा, बाई, तुमचे कान विशीतले आहेत. आमच्या ओळीतल्या आणखी चारजणींना मीच शिकवलं. फार हुशारी वाटायची तेव्हा. कंपनीला फसवतोय म्हणून डबा खाताना हसायचो.

कंपनी फसत नव्हती. ती आपल्या कागदावर लिहून घेत होती की ह्यांचे कान ठणठणीत आहेत. टक का होते हे मशीनवाल्याला माहीत असणारच, आणि त्याने तोंड बंद ठेवलं. आज आम्ही पाचहीजणी बहिऱ्या. एकजण कंपनीकडे गेली होती, मशिनांच्या आवाजाने कान गेले म्हणायला. त्यांनी अकरा आलेख पुढे केले. तिचेच, तिनेच बटण दाबून काढलेले.

फोनची लाइन चांगली आहे. तुझा आवाज ऐकू येत नाही, एवढंच. दोन वर्षं झाली. तू नुसती फोनवर बोलत असतेस आणि मी हो हो म्हणत असते.

ती बाई तुला शिव्या देईल. देऊ दे. मलाही अशा कुणा पोरीने पहिल्याच वर्षी नापास केलं असतं तर मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आणि माझा डावा कान वाचला असता. तिला नापास कर आणि तिच्या बाजूने उभी राहा, दोन्ही कर. एक सोडून दुसरं करणं म्हणजे तुझ्या साहेबाचा एक पायच.

सही करायची नाही. आणि माझी कीव करणारं पत्र आलं तर न फोडता परत पाठवीन.

आत्या


२२ फेब्रुवारी

आत्या,

कीव नाही करत. दोन दिवस मात्र काही सुचलं नाही, ते सांगायला हरकत नसावी.

वीस तारखेची गोष्ट. खोलीत साहेब, मॅनेजर आणि कारखान्याची डॉक्टरबाई. आलेखाखाली शेवटची सही तिचीच असते. टेबलावर एका पायाचा बोर्ड लावलेलं मशीन, शेजारी कागद, कागदावर माझ्या नावापुढे रिकामी जागा आणि झाकण काढून ठेवलेलं पेन.

मी म्हटलं, सही करते, फक्त आधी मॅनेजरसाहेबांनी एकदा तपासून घ्यावं. त्यांना काय, बसले. मी मशीनवर एकच गोष्ट केली. बीपचा आवाज शून्यावर आणला. चिप जागी होणार, झोपणार, पण वाजवणार काहीच नाही. दहा मिनिटं ते डोळे मिटून बटण दाबत होते. फार मन लावून दाबत होते. आलेख निघाला तो अगदी सरळ, दोन्ही कान उत्तम.

तो कागद मी डॉक्टरबाईंपुढे ठेवला आणि म्हटलं, "ह्यात एकही बीप वाजवलेली नाही."

डॉक्टरबाई उठली, स्वतः हेडफोन लावून बसली, तेच शून्यावरचं ऐकलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "मी नऊ वर्षं अशा कागदांवर सह्या करतेय." मॅनेजर काहीतरी सांगायला लागला, तर तिने त्याला हाताने थांबवलं. साहेबांना म्हणाली, ह्या मुलीचा बोर्ड लावलेलं मशीन मला द्या, टकेच्या मशीनच्या एकाही आलेखावर मी सही करणार नाही. तिच्या सहीशिवाय तपासणी धरली जात नाही, हे मॅनेजरला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मशीन गेलं तिच्याबरोबर. मठ्ठ ॲम्प्लिफायरवालं.

साहेबांनी मला संध्याकाळी बोलावून डिझाइनमधून काढलं. उद्यापासून दुरुस्तीच्या खिडकीवर. गिऱ्हाइकांच्या तुटलेल्या वायरी जोडायच्या. म्हणाले, "तिथे तुला वजाबाकी करायला भरपूर वेळ मिळेल." मी म्हटलं, जोडेन. आणि जे मशीन टक करत येईल ते टकेसकट परत देणार नाही, तेही आत्ताच लिहून घ्या.

त्या बाईचा पत्ता डॉक्टरबाईंनी दिला. गेले होते. तिने दार उघडलं, मला बघून बंद केलं. रविवारी परत जाणार आहे.

लवंगी


११ मार्च

लवंगे,

शाबास, हे एकदाच लिहिते. सारखं लिहिलं की त्याची किंमत जाते.

तुझ्या डॉक्टरबाईचा दवाखाना आमच्याकडून बसने तासाभरावर निघाला. तुला न सांगता गेले, नाहीतर तू तिथे येऊन उभी राहिली असतीस आणि मला ते चाललं नसतं. आमच्या ओळीतल्या त्या चौघींनाही घेऊन गेले. एकीला गुडघ्याने चालवत नाही, तिला दोघींनी धरून नेलं. बसमध्ये आम्ही काय बोललो ते अख्ख्या बसला कळलं, कारण आम्हाला एकमेकींना ओरडूनच सांगावं लागतं. कंडक्टर म्हणाला, आजी, हळू. मी म्हटलं, तू जोरात बोल.

पाचहीजणी नापास. माझा उजवा कान पूर्ण गेलेला, डावा निम्म्याहून जास्त. डॉक्टरबाईने पाच कागद सही करून दिले आणि अकरा वर्षांचे आलेख कसे निघाले असतील तेही वेगळ्या कागदावर लिहून दिलं. टकेवर बटण दाबायचो, हे आम्ही आमच्या अर्जात आमच्याच शब्दांत लिहिलंय, लपवलेलं नाही. एकजण म्हणाली, आपल्यालाच खोटारड्या ठरवतील. मी म्हटलं, ठरवू देत, पण मग त्यांना आधी ती टक तरी कबूल करावी लागेल. सोमवारी पाचहीजणी कंपनीच्या फाटकावर जातोय. आत घेतलं नाही तर बाहेर बसू. आम्हाला हाकलायला ओरडावं लागेल, आणि ते ऐकू येणार नाही.

केबिनमध्ये काय झालं ते मात्र मी ह्या चौघींनाही सांगितलेलं नाही.

हेडफोन लावले, दार लागलं, आणि सवयीने बोट बटणावर गेलं. वाट बघत बसले, टकेची. मला माहीत होतं की नाही येणार, तू काढलीयस, तरी बोट दाबायच्या तयारीत. काचेपलीकडे डॉक्टरबाई एकामागून एक कळा दाबताना दिसत होती, म्हणजे तिकडे बीप वाजत होत्या. माझ्याकडे काही पोचत नव्हतं. तिचा हात बघून दाबता आलं असतं. आलंच होतं मनात. मग मी डोळे मिटले, बोट बटणावरून काढलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

आत्या